मधल्या सुट्टीचा तास
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक आपल्याच मागच्या बाकावरचा असल्यामुळे ती सात होतील, असं धरून बोलते.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय?" मी मुलांना मधली सुट्टी शिकवते. हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना गणित उत्तम येतं, धडकी भरते ती घंटा झाली की. बाई वर्गाबाहेर जातात आणि पुढची वीस मिनिटं डबा घेऊन कुणापाशी बसायचं, हे कुठल्याच धड्यात दिलेलं नसतं.

यांतली काही स्वमग्न आहेत, काही अतिचंचल, काहींना अध्ययन अक्षमता आहे, काही नुसतीच फार बुजरी. आपल्या वेळी अशांना आपण घुमा, आगाऊ, येडा म्हणत होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांच्या यादीत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही घेतले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच १९९० पासून आहे, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांची 'उमेद' २००१ पासून. त्यांच्यापुढे आमचं काम म्हणजे मुलुंड पश्चिमेला एक खोली, सहा-सात मुलं, दोन मोठी माणसं आणि दर शनिवारी दीड तास.

गट कशाला, एकेकट्याला का शिकवत नाही, असं पालक विचारतात. कारण माझ्यासमोर मूल शहाण्यासारखं बोलतं. मी थांबते, समजून घेते, हसते. बारा वर्षांचं दुसरं मूल यातलं काहीही करत नाही, आणि आयुष्य तर त्याच्याबरोबरच काढायचं असतं!

मोठ्यांचे सल्लेही बहुधा चुकीचे असतात. "जा, नाव सांग, मैत्री करशील का विचार." सांगा, आपल्यातलं कोण असं लंगडीच्या डावात शिरलं होतं? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन यांनी किशोरवयीनांसाठी 'पीअर्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचं मर्म मला फार पटतं: ज्यांना मित्र आहेत ती मुलं प्रत्यक्षात काय करतात, ते बघा आणि तेच शिकवा. ती आधी जरा लांब उभी राहून खेळ बघतात. कोण जिंकतंय, नियम काय, हे ओळखतात. बॉल बाहेर गेला की म्हणतात, "मी येऊ?" "नको" म्हटलं तर निघून जातात. हे शेवटचं शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. नकार सगळ्यांनाच मिळतो, हे या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्या अभ्यासक्रमात आईवडिलांचाही वर्ग बरोबरीने चालतो, कारण खोलीत शिकलेलं खोलीतच राहण्याची भीती असते. म्हणून आम्हीही घरचा अभ्यास देतो. आठवड्यात एका मुलाला घरी बोलवा, तासभरच, आणि खाऊ भरपूर ठेवा.

अठराच्या पुढच्यांचा वेगळा गट आहे. त्यांना आम्ही रविवारी दुपारी धीम्या लोकलने मुलुंडहून घाटकोपरला नेतो. लोकल म्हणजे मुंबईचा शिष्टाचाराचा सगळा अभ्यासक्रम. पुढच्याला "घाटकोपर?" एवढंच विचारायचं, आणि त्याने मान हलवली की त्याच्या मागे उभं राहायचं. आमच्या गटातल्या एका मुलाला मध्य रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ आहे. एका काकांनी "जरा सरक" म्हटल्यावर तो म्हणाला, "हे बाक तीन जणांचं आहे." कायद्याने बरोबर! काका चिडले, डब्यातले चार जण हसले. मी तोंड उघडण्याआधी गटातलीच एक मुलगी म्हणाली, "तीन सीट रेल्वेच्या, चौथी आपली." तो विचारात पडला, मग सरकला. विक्रोळीला त्याने वही काढून हा नियम लिहून घेतला. मी अर्धा तास समजावलं असतं, तरी एवढं नेमकं जमलं नसतं.

पण सगळं ओझं त्याच्याच खांद्यावर का? डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्याला काका कळले नाहीत, तसा काकांनाही तो कळला नाही. वही फक्त एकानेच काढली. म्हणून मी डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची सक्ती आता करत नाही. काही मुलांना त्याचा खरंच त्रास होतो, आणि खिडकीकडे बघत ती नीट ऐकत असतात.

आता माझा स्वार्थ. गावठाणातली अंगणं, चाळींच्या गॅलऱ्या टॉवरखाली गेल्या. पोडियमवर मुलं खेळतात, पण तिथे आधीपासून कंपू ठरलेले असतात. आमच्या गटात एकसारखीच अडलेली मुलं जमतात, त्यामुळे सराव अपुरा पडतो. मला तुमची मुलं, भाचरं, नातवंडं हवी आहेत, जी सहज मैत्री करतात अशी. त्यांनी शिकवायला यायचं नाही, कॅरम खेळायला यायचं. मोठ्यांच्या गटाची अडचण वेगळी आहे. शाळा संपली की यांचे फोन वाजायचे थांबतात. कुणाचं दुकान, छापखाना, ऑफिस असेल, तर महिन्यातून एक दिवस एका मुलाला तुमच्याबरोबर चहा पिऊ द्या.

आणि मुख्याध्यापक सर इथे बसलेच आहेत, तर विचारून टाकते. शनिवारी दुपारी तळमजल्यावरचे वर्ग रिकामे असतात ना? कॅरमबोर्ड दोन आहेत, पावडर आणि बिस्किटं मी आणते.