विजेची काटकसर : घरच्यांस कसे वळवावे?
(संघाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वीज व इंधन जपून वापरावे, हे कोणासही अमान्य नाही. अडचण आहे ती घरच्यांच्या गळी उतरविण्याची. वडीलधारे दिवसभर ‘दिवा मालव, पंखा बंद कर’ असा घोष लावतात. मुले त्यास कृपणता समजतात. बचत राहते बाजूस आणि घरात कटुता मात्र वाढते. मी आयुष्यभर शिक्षकी केली. दहा वेळा ओरडून जे साधत नाही, ते फळ्यावर एकदा गणित मांडून साधते, हा माझा अनुभव.

तेच गणित घरी मांडावे. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्ची पडते. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळाल्यास ३० दिवसांत ९ युनिटे लागतात. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट गेले. शिवाय महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांच्या पुढचे युनिट अधिक महाग पडते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा मुलांकडूनच वहीत लिहून घ्यावा. ज्याने स्वहस्ते आकडा लिहिला, तो दिवा मालवण्यास आपण होऊन उठतो.

दुसरे असे की, आरंभ स्वतःपासून व्हावा. रिकाम्या खोलीत दूरदर्शन संच चालू ठेवून नातवास पंख्याबद्दल बोलणाऱ्या आजोबांचे कोण ऐकणार?

तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. काटकसरीचा भार एकट्या सुनेवर पडता कामा नये. डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी येताच आच मंद करावी, हे खरेच. परंतु जो हे सांगतो त्यानेच रात्री डाळ भिजत घालावी. नवा पंखा किंवा शीतकपाट घेताना अधिक तारे असलेले घ्यावे. प्रारंभी चार पैसे जास्त पडतात, ते कर्त्या पुरुषाने आनंदाने द्यावेत. आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा दिवा व आजाऱ्याचा पंखा यांस मात्र हात लावू नये. ती काटकसर नव्हे, निष्ठुरता होय.

इष्टमित्रांस उपदेश करण्याऐवजी आपली वही दाखवावी. आकडे बोलू लागले की माणसास बोलावे लागत नाही. चंद्रपूर, कोराडी येथे कोळसा जाळून आपल्यासाठी वीज निर्माण होते. वाचलेले प्रत्येक युनिट तेथील कोळसाही वाचविते.

यास्तव माझी एकच विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षभर अशी वही ठेवावी आणि पुढील मेळाव्यास ती सोबत आणावी. इतके बोलून मी आपली रजा घेतो.