बिशपांची मानचिन्हे



मुद्रा म्हणजे काय, हे मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, ही आपल्या जुन्या राजपत्रांची खूण. पेशव्यांच्या शिक्क्यात त्यांच्या स्वतःच्या नावाबरोबर छत्रपतींचेही नाव असे. अधिकार कोणाकडून आला आणि तो चालवितो कोण, या दोन्ही गोष्टी त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळत. रोमन कॅथलिक बिशपांच्या मानचिन्हाचेही असेच दोन भाग असतात. आपला रत्नागिरी जिल्हा २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतो. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नव्हे.

युरोपात बाराव्या शतकात, शिरस्त्राणाने तोंड झाकलेला सरदार रणांगणावर ओळखू यावा म्हणून, ढालीवर चिन्हे रंगविण्याची चाल पडली. पुढे तीच चिन्हे मुद्रेवर आली आणि बिशपांनीही ती रीत उचलली. परंतु धर्मगुरूस शिरस्त्राण शोभत नाही. म्हणून ढालीच्या वर रुंद काठाची टोपी काढू लागले. तिच्या दोन्ही अंगांस गोंडे लोंबतात. बिशपांची टोपी हिरवी, गोंडे प्रत्येक बाजूस सहा. आर्चबिशपांची टोपीही हिरवीच, पण गोंडे दहा. कार्डिनलांची टोपी तांबडी व गोंडे पंधरा. एक, दोन, तीन अशा ओळी मांडल्या की सहा होतात. चौथी जोडली की दहा, पाचवी जोडली की पंधरा. मुलांना पाढे शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा हिशेब आवडल्यावाचून राहत नाही! ढालीमागील क्रूसही बोलतो. बिशपांच्या क्रूसास आडवी पट्टी एक, आर्चबिशपांच्या क्रूसास दोन. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हा या नियमाने त्यांच्या मानचिन्हास तांबड्या टोपीचा मान आला.

कार्डिनलांना ती तांबडी टोपी प्रत्यक्ष देण्याची चाल १९६९ साली बंद झाली. बिशपांचा उंच मुकुट व दंड हेही त्याच वर्षी मानचिन्हातून वगळण्यात आले. चित्रातील टोपी मात्र राहिली.

हा झाला पदाचा भाग. त्यात कोणाची आवडनिवड चालत नाही. ढालीचे अंतरंग व खालील ब्रीद मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, आणि खरी कसोटी येथेच लागते. शेतकऱ्याच्या वा दर्यावर्दी कोळ्याच्या घरातून आलेल्या बिशपांना वंशपरंपरेची ढाल कोठून असणार? मग उसनी सरदारी मिरवावी, की आपली साधी ओळख सांगावी?

१९८६ साली गोवा, पुणे व मुंबई येथे येऊन गेलेले पोप दुसरे जॉन पॉल यांचे चिन्ह या प्रश्नाचे उत्तर देते. निळ्या ढालीवर एका बाजूस सरकलेला सोनेरी क्रूस आणि त्याखाली मरियेच्या नावाचे आद्याक्षर, बस्स, एवढेच! ढालीवर अक्षर असू नये, असे जाणकार म्हणत. तरीही ते चिन्ह एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही.

या शास्त्राचा जुना नियम असा, की सोनेरी व रुपेरी हे दोन धातू एकमेकांवर ठेवू नयेत, तसेच तांबडा, निळा, हिरवा, काळा हे रंगही एकमेकांवर चढवू नयेत. हेतू इतकाच, की चिन्ह दुरून ओळखू यावे. ढालीत जन्मगाव, आवडते संत, शिक्षण, आजवरची पदे असे सारे चरित्र कोंबले, तर हा हेतूच फसतो. रुपयाएवढ्या मुद्रेवर जे उमटत नाही, ते ढालीवर कशाला हवे?

उद्या आपल्या किनाऱ्यावरचा कोणी पुत्र त्या पदास चढला आणि त्याने ढालीवर निळ्या पाण्यातील एक रुपेरी होडी काढविली, तर तेवढीच पुरेशी होईल. टोपी आणि गोंडे त्याला पदाबरोबर मिळतील. आपण कोठून आलो, हे मात्र त्याचे त्यानेच सांगावयाचे आहे.