ऑनर्सचे चौथे वर्ष आणि कुकडी-घोडचे खोरे



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवी अभ्यासक्रमाला चौथ्या वर्षाची जोड दिली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा कायम आहे. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास संशोधनासह ऑनर्सचा मार्गही खुला आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली.

घोडेगावच्या किंवा ओतूरच्या शेतकरी कुटुंबाला मात्र चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क, एसटीचा पास आणि घरच्या कामातील दोन हातांची उणीव. या मोलाच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या हाती टिपणांचा आणखी एक गठ्ठाच पडणार असेल, तर ते वर्ष वाया गेले असे म्हणावे लागेल. ऑनर्सचे अध्यापन म्हणजे अधिक पाठ नव्हेत. ज्याचे उत्तर अद्याप ठरलेले नाही अशा प्रश्नाशी विद्यार्थ्याची गाठ घालून देणे, हे त्याचे खरे स्वरूप आहे.

असे प्रश्न शोधण्यास दूर जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. त्याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडली. संशोधकांनी राखेचे वय काढले, ते कोणाचे सुमारे १४ लाख वर्षे, कोणाचे पावणेसात लाख, तर कोणाचे केवळ ७५ हजार वर्षे आले. पदवीच्या विद्यार्थ्यास यांतील एक आकडा सांगून भागेल. ऑनर्सच्या विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक आकडा कोणत्या पद्धतीने आला, नमुना थराच्या कोणत्या भागातून घेतला आणि नदीने राख वाहून पुन्हा साचविली असेल काय, हे तपासले पाहिजे.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याच्या वेचणीतून रोख पैसा मिळतो. कोवळ्या बाळहिरड्याला भाव अधिक. पण फळ कोवळेच उतरविले तर बी पिकत नाही. मग रानात नवी रोपे किती उगवतात? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, अर्थशास्त्राचा आणि त्या कुटुंबांच्या उद्याच्या भाकरीचाही आहे. त्यासाठी महागडे उपकरण नको. मोजणीची वही, वेचणाऱ्या बायाबापड्यांशी बोलण्याचा आदर आणि चिकाटी पुरे.

उपकरण असले तरी प्रश्नाची मातब्बरी कमी होत नाही. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणासाठी अर्ज करतात, आणि प्रस्तावाची गुणवत्ता पाहून वेळ दिला जातो. म्हणजे तेथेही प्रवेशपत्र एकच : नीट मांडलेला प्रश्न.

तो मांडण्यास शिकविणे हे प्राध्यापकाचे काम. त्यासाठी दर आठवड्याला विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा त्याच्यासमोर बसून वाचावा लागतो. पुराव्यापुढे गेलेले वाक्य खोडावे लागते. ठाऊक नसेल तेथे तसे मोकळेपणाने सांगावे लागते. साठ जणांच्या वर्गात हे साधत नाही. म्हणून मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी, तालुक्याच्या ग्रंथालयात शोधनियतकालिके आणि क्षेत्रभेटीसाठी प्रवासखर्च यांची तरतूद ही ऑनर्सची पूर्वअट मानली पाहिजे.

ही तरतूद केवळ पुण्यात झाली, तर गुणवान मुले घाट उतरून शहरात जातील व ज्यांना जाणे परवडत नाही ती तिसऱ्या वर्षीच थांबतील. कुकडी आणि घोडच्या काठचे प्रश्न तेथल्याच मुलामुलींच्या हातून सुटावयाचे असतील, तर चौथ्या वर्षाचा वर्ग जुन्नर-आंबेगावातच, आणि तोही पूर्ण तयारीनिशी भरला पाहिजे.