लाकडी बदकाची पिसे

(सुवर्णमहोत्सवात हस्तव्यवसाय वर्गापुढे केलेले भाषण)



आमच्या घरी एक लाकडी बदक आहे. ते आम्हीच कोरले, आम्हीच रंगविले, आणि फजितीही आमचीच झाली. तीच आज सांगावयाची आहे.

अमेरिकेत शिकारी अशी बदके पाण्यावर तरंगत ठेवीत. उडत्या थव्याला खाली जातभाई दिसले की तो उतरे. या फसव्या पाखराला तेथे डिकॉय म्हणतात. मेरीलँडमधील क्रिसफील्ड गावचे लेम व स्टीव्ह वॉर्ड हे बंधू या कामात नामांकित. धंद्याने दोघेही न्हावी! १९१८ च्या कायद्याने रानबदकांच्या बाजारी शिकारीला आळा बसला. पुढे या बंधूंची पाखरे पाण्याऐवजी दिवाणखान्यात शोभू लागली.

पिसे रंगविण्याची रीत आपल्या कौलारू छपरासारखी आहे. कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवितात. पिसेही शेपटीपासून डोक्याकडे रंगवीत जावयाची, म्हणजे पुढचे पीस मागच्यावर आपोआप चढते. पाठीवरची मोठी, मानेकडे बारीक. बहुधा कड फिकी, मध्य गडद आणि मधोमध काडीची रेघ. कुशीवरच्या नागमोडी रेघांसाठी ओल्या रंगावरून फणी ओढतात.

हे सर्व आम्ही केले आणि शेवटी हौसेने चकचकीत व्हार्निश चढविले. तेथेच घात झाला. लाकडाची चकाकी पाखराला दुरूनच सावध करते, म्हणून शिकारीच्या बदकाला मंद रंगच देतात. आमची नात म्हणाली, “आजोबा, हे तर खेळण्यातले!”

मग थंडीत आम्ही तळ्याकाठी जाऊन बसू लागलो. उत्तरेकडून तलवार बदके आली होती. त्यांची मादी आम्ही आजवर नुसती ‘तपकिरी’ म्हणून सोडून दिली होती. पाहता पाहता त्या तपकिरीत कुठे ताकासारखी फिकी कड दिसली, कुठे भाजलेल्या कॉफीचा काळपटपणा. साठ वर्षे डोळे असून आम्ही हे पाहिले नव्हते! पाखराला फसवावयाचे तरी आधी त्याच्याकडे नीट पाहावे लागते. आणि एकदा नीट पाहिले की त्याला फसविण्याची इच्छाच उरत नाही, निदान आमची तरी उरली नाही.

वर्गातील मुलांना एवढेच सांगणे की, व्हार्निशाची घाई करू नका. आमचे बदक आम्ही पुन्हा खरडून काढले आहे. शेपटीकडून तीन ओळी झाल्या आहेत.