बारीक सूत, भरड सूत



आज मी आपणांशी लुगड्याविषयी चार शब्द बोलणार आहे. कॉलेजातला मास्तर लुगड्यावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण त्याला कारण घडले ते असे.

मध्यंतरी वर्गात मी ढाक्याच्या मलमलीची थोरवी सांगत होतो. मेघनेच्या काठी होणारा 'फुटी कार्पास' नावाचा कापूस, त्याचे केसासारखे सूत आणि अंगठीतून ओढून काढावे असे वस्त्र! तास संपल्यावर एक विद्यार्थी जवळ आला. म्हणाला, "सर, आमच्याही घरी माग होता. आजोबा लुगडी विणायचे. पण ते काही मलमल नव्हतं, साधं भरडच होतं." हे सांगताना त्याने मान खाली घातली. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर समजा.

प्रथम हे पाहू, की बारीक सूत म्हणजे काय? सुताची लड 840 वारांची. अशा 20 लडी मिळून एक पौंड वजन भरले, तर ते 20 नंबरी सूत. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. ढाक्याच्या मलमलीचे सूत कित्येक शे नंबरांचे असे. ते कातायचे ते सकाळी नि संध्याकाळी, कारण तेव्हा हवेत ओल असते. कापसाचा धागा ओलसर हवेत बळकट राहतो आणि कोरड्या हवेत तटकन् तुटतो. बंगालला नद्यांची ओल फुकट मिळाली. आपला नगर जिल्हा पडला अवर्षणाचा! इथला विणकर जमिनीत खड्डा घेऊन त्यात पाय सोडून बसे नि पावड्या दाबी. जमिनीलगतच्या ओलीचा उभ्या धाग्यांना आधार होई. सुताला पिठाची खळ द्यायची, म्हणजे पाजणी करायची, तीही ऊन चढण्यापूर्वी. आहे त्या हवेशी जमवून घेतले, ही काय थोडी अक्कल झाली?

आणि हे लुगडे नेसायचे कोणी? पहाटे जात्यावर बसणाऱ्या, दिवसभर खुरपणाऱ्या बायकांनी. नऊ वार कापड कासोटा घालून नेसायचे, दगडावर आपटून धुवायचे आणि तरी ते टिकायचे. शेतात मलमल नेसून गेल्यास पहिल्याच बाभळीने तिचा निकाल लावला असता! तेव्हा भरड म्हणजे हलके नव्हे. ज्याचे त्याचे काम वेगळे.

नगर, भिंगार, संगमनेर येथे हा धंदा मोठा होता. 1884 सालच्या सरकारी गॅझेटियरात लुगडी विणणे हा या जिल्ह्यातला प्रमुख उद्योग म्हणून नोंदलेला आहे. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली ही मंडळी मागावर बसत. बसणारा एक असला तरी राबे सारे घर. बायका रहाटावर कांड्या भरीत आणि पोरे तुटलेले धागे सांधीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी नगरातच एक सुधारलेला हातमाग तयार केला होता. चौंडी गावात 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी नर्मदाकाठी महेश्वरला विणकर वसवले. तिथली महेश्वरी साडी आजही नावाजलेली आहे.

मग आपला माग का थांबला? एक कारण दुष्काळ. 1876 नि 1899 च्या दुष्काळांत शेतकऱ्याच्या घरी दाणा नव्हता. तो लुगडे कशाचे घेणार? शेत सुकले की मागही सुकत असे. पुढे गिरण्या आल्या, यंत्रमाग आले आणि नऊवारी नेसणेच कमी झाले. हातमागासाठी काही कापड राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला, पण तोवर अनेक घरांतले खड्डे बुजले होते. पुष्कळ पद्मशाली घरांतल्या बायांनी कांडी खाली ठेवली आणि विडीचे सूप मांडीवर घेतले. बोटांचे कसब तेच राहिले. धंदा मात्र बदलला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपणांस एक विनंती. एक दिवस मुलांना घरातले जुने लुगडे आणायला सांगा. भिंग घेऊन एका इंचात उभे धागे किती नि आडवे किती, ते मोजायला लावा. गणिताचा तास आपोआप होईल. मग विचारा, की हे कोणी विणले? कोणी नेसले? एखादे पोर म्हणेल, "आमच्या आजोबांनी." त्या वेळी त्याची मान खाली जाणार नाही, एवढे आपण पाहायचे.

मलमलीचे कौतुक जरूर करावे. पण ज्या भरड सुताने आपल्या आयाबायांची अब्रू राखली, उन्हातान्हात त्यांना सावली दिली आणि जुने झाल्यावर गोधडी होऊन आपणांस ऊब दिली, त्याला विसरू नये.