दुखत नाही म्हणून थांबू नका

तळेघरच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या भगिनींनो,

आज आम्ही एका अवघड विषयावर बोलणार आहोत. विषय अवघड आहे तो कळायला नव्हे, बोलायला. बाईच्या छातीत गाठ येते. ती गाठ ती कुणाला दाखवत नाही. नवऱ्याला सांगायला लाजते, सासूला सांगायला भिते. मनाशी म्हणते, "दुखत तर नाही. मग कशाला दावायची?"

भगिनींनो, इथेच घात होतो. काटा रुतला तर लगेच दुखतो, म्हणून आपण तो लगेच काढतो. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ती गुपचूप वाढते. आधी आवणी उरकू, मग भात काढू, मग हिरडा गोळा करू, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते. मग काखेत गाठ येते.

म्हणून दुखायची वाट पाहायची नाही. काही होत नसतानाच तपासून घ्यायचे. शेताचा बांध फुटल्यावर धावण्यापेक्षा पावसाआधी बांध पाहून घेतलेला बरा.

ही तपासणी कधी करायची? किती वेळा करायची?

आपल्या सरकारने 2016 साली याचा नियम घालून दिला. वय 30 ते 65 मधल्या प्रत्येक बाईची स्तनांची तपासणी दर 5 वर्षांनी करावी, असा तो नियम आहे. ग्रामपंचायतीची मुदत 5 वर्षांची असते, तशीच ही तपासणी. ती उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिला यंत्र लागत नाही. शिकलेली नर्सबाई आडोशाला, बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि काखा चाचपून पाहते. काही मिनिटांचे काम. दुखत नाही, पैसे पडत नाहीत.

कोणी विचारील, "नुसत्या हाताने काय कळणार?" बरोबर विचारले. याचे उत्तर मुंबईने दिले आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठे काम सुरू केले. 35 ते 64 वयाच्या दीड लाखांवर बायका त्यात होत्या. त्यांचे दोन भाग केले. एका भागातल्या बायकांना माहिती दिली आणि दर 2 वर्षांनी, अशी 4 वेळा, हाताने तपासणी केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. पुढे वीस वर्षे दोन्ही भागांवर लक्ष ठेवले. 2021 साली निकाल छापून आला.

निकाल असा. तपासणी न झालेल्या भागात ज्यांना हा रोग निघाला, त्यांच्या दर 100 बायकांत 47 जणींचा रोग पुढे गेलेला होता. तपासणीच्या भागात हा आकडा 37 होता. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. जिथे 100 दगावल्या असत्या, तिथे 30 वाचल्या.

पण खरे ते सगळे सांगायला हवे. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू घटल्याचे त्या कामात दिसले नाही. म्हणून तरुण बाईने तपासणी टाळायची का? नाही. आपल्या देशात हा रोग पन्नाशीच्या आतही पुष्कळ जणींना होतो, आणि लहानपणी सापडलेल्या गाठीचे ऑपरेशनही लहान असते. मात्र पन्नाशी गाठलेल्या आईला, सासूला आधी घेऊन जा. "आता माझं काय राहिलंय?" असे म्हणून त्याच मागे राहतात. वय आठवत नसेल तर हिशेब सोपा आहे. जिचा जन्म 1972 च्या दुष्काळाआधीचा, तिची पन्नाशी झाली. अशा बाईने नर्सबाईंना विचारावे, "मला 2 वर्षांनी बघाल का?"

शहरात मॅमोग्राफी नावाचा फोटो काढतात. पुष्कळ देशांत 50 ते 69 वयाच्या बायकांचा तो दर 2 वर्षांनी काढतात. आपल्याकडे नर्सबाईंच्या हाताला गाठ लागली, तर डॉक्टर तो काढायला सांगतील. आईला किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर ते आधीच सांगा. तुमची तपासणी केव्हापासून करायची, ते डॉक्टर ठरवतील.

दोन तपासण्यांच्या मध्ये आपले अंग आपण ओळखून असावे. गाठ लागली, कातडी आत ओढली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडी आत गेली, बोंडीतून रक्त आले, काखेत गाठ आली, तर 5 वर्षांची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा. मग वय 25 असो की 75. अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होते, ती बहुधा जिरते. दोन आठवड्यांत जिरली नाही, तर तीही दाखवा.

गाठ म्हणजे कॅन्सरच, असे नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण ते सुईने तपासल्यावरच कळते. "सुई टोचली की रोग पसरतो," असे कोणी सांगेल. ते खोटे आहे. सुईला भिऊन घरी बसलेल्या बाईला आधीच्या तपासणीचा काही उपयोग होत नाही. तपासणी हे दार आहे. दार उघडून आत गेले पाहिजे.

पुढे घोडेगावला, मंचरला किंवा पुण्याला जायला सांगितले, तर घरच्यांनी सोबत जावे. पुरुष मंडळींनो, हे तुम्हांला सांगतो. बैल आजारी पडला तर तुम्ही रात्री उठून धावता. बाईसाठी एक दिवस मोडा. खर्चाची चिंता वाटेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या.

भगिनींनो, आता तुम्हांला अक्षर ओळखता येते, आकडा मांडता येतो. त्याचा इथे उपयोग करा. तपासणी झाली की वहीत तारीख लिहा. तिच्यात 5 मिळवा. येईल ते साल खाली लिहा आणि शेजारणीलाही तिचे साल लिहून द्या. त्या साली दोघींनी मिळून जा. एकटीला लाज वाटते, दोघींना वाटत नाही.

एवढे सांगून आम्ही आमचे बोलणे पुरे करतो.