क्लिव्हडन : एका हवेलीचे हॉटेल होते तेव्हा

लंडनच्या पश्चिमेला बकिंगहॅमशायरमध्ये, थेम्स नदीकाठच्या टेकाडावर क्लिव्हडन नावाची हवेली उभी आहे. आज तिथे आलिशान हॉटेल आहे. जवळच स्टोक पार्क ही तशीच दुसरी हवेली. ती २०२१ मध्ये मुंबईच्या रिलायन्सने विकत घेतली, तेव्हा आपल्याकडे सगळी चर्चा किमतीची झाली. अशी घरे विकायला का निघतात आणि पुढे त्यांचे काय होते, हे मला क्लिव्हडनच्या निमित्ताने सांगायचे आहे.

पहिले घर बांधले बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकने, सतराव्या शतकात. १६६८ मध्ये याच ड्यूकने आपल्या प्रेयसीच्या नवऱ्याला द्वंद्वयुद्धात प्राणघातक जखमी केले. घर दोनदा जळाले, १७९५ मध्ये आणि १८४९ मध्ये. आजची इमारत चार्ल्स बॅरीची. लंडनचे पार्लमेंट उभारणारा बॅरी तो हाच.

१८९३ मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ अॅस्टर या अमेरिकन धनाढ्याने ही वास्तू घेतली. पॅरिसजवळच्या एका प्रासादातली कोरीव लाकडी तक्तपोशी त्याने आणून जेवणघराच्या भिंतींना बसवली. रोमच्या व्हिला बोर्गेझेच्या बागेतला दगडी कठडाही उचलून आणला. त्या कठड्याच्या फटींतून नखाएवढ्या गोगलगायी इंग्लंडात आल्या. भूमध्य सागराकडची ही जात इथल्या थंडीत शंभरावर वर्षे मुकाट जगत राहिली आणि २००४ मध्ये साफसफाई करताना कोणाच्या तरी नजरेस पडली. पैशाच्या जोरावर माणूस दुसऱ्याच्या बागेचा कठडा उचलून आणतो, पण त्याच्याबरोबर काय काय येते हे त्याला ठाऊक नसते!

१९०६ मध्ये अॅस्टरने हे घर लग्नाचा आहेर म्हणून मुलाला, वॉल्डॉर्फला आणि सून नॅन्सीला दिले. हीच नॅन्सी १९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रत्यक्ष आसनावर बसलेली पहिली स्त्री. पहिल्या महायुद्धात या पतिपत्नींनी आवारात जागा देऊ केली, कॅनडाच्या रेड क्रॉसने ती स्वीकारली आणि तिथे रुग्णालय उभे राहिले. जे सैनिक वाचले नाहीत त्यांच्या थडग्यांची छोटी दफनभूमी बागेतच आहे. क्लिव्हडन म्हटले की लोकांना ब्रिटिश युद्धमंत्री प्रोफ्युमो यांचे १९६१ मध्ये इथल्या पोहण्याच्या तलावापाशी सुरू झालेले प्रेमप्रकरण आठवते, ही थडगी आठवत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

या घराचा रोजचा गाडा कोण ओढत होते, ते रोझिना हॅरिसनच्या आठवणींत वाचावे. नॅन्सीबाईंचे कपडे आणि दागिने सांभाळण्यात तिची ३५ वर्षे गेली. पाहुण्यांची सरबराई हाच या घराचा धंदा होता. फक्त त्याचे बिल पाहुण्यांना येत नसे.

मग हा थाट मोडला कशाने? १८९४ मध्ये इंग्लंडात नवा मृत्युकर आला. तेव्हा त्याचा वरचा दर ८ टक्के होता. १९४९ पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी तो ८० टक्क्यांवर गेला. त्यात दोन युद्धांनंतर नोकरमाणसे मिळेनाशी झाली. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. वॉल्डॉर्फ अॅस्टरने वेळीच ओळखले आणि १९४२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, क्लिव्हडन नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. देखभालीसाठी निधीही दिला. कुटुंबाने तिथे राहावे, एवढी मुभा ठेवली. साठच्या दशकाअखेर कुटुंब बाहेर पडले. १९६९ पासून काही वर्षे अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे राहून शिकले, आणि ऐंशीच्या दशकात हॉटेल आले.

हॉटेलने हवेली वाचवली असे म्हणतात, ते मला अर्धेच पटते. मालकीचा प्रश्न त्याआधी ४० वर्षे सुटला होता, म्हणून ती वाचली. हॉटेलवाला इथे भाडेपट्ट्याने राहतो. चालवणाऱ्या कंपन्या बदलल्या तरी जमीन आणि वास्तू ट्रस्टचीच राहिली. खोलीचे भाडे ज्याला झेपत नाही, तोही तिकीट काढून बागेत येतो आणि त्या बोर्गेझेच्या कठड्यापाशी हवा तितका वेळ उभा राहतो.